गाडीतलं हवंसं आणि नकोसं

गाडीतल्या एखाद्या सोयीचा लोकांना किती राग येतो हे पाहायचं असेल, तर ती बंद पाडायला ते काय काय करतात ते पाहावं. सीटबेल्ट लावला नाही की गाडी बीप-बीप करते. हा आवाज थांबवणारी धातूची एक छोटी क्लिप मिळते. बकलमध्ये ती खोचली की बेल्ट लावला आहे असं गाडीला वाटतं आणि ती गप्प बसते. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा विकायला मनाई केली, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळांवरून 13,118 नोंदी उतरवल्या गेल्या. जीव वाचवणाऱ्या यंत्रणेचं तोंड बंद करण्याचा एवढा मोठा व्यापार आपल्याकडे उघडपणे चालला होता.

सनरूफचं याच्या अगदी उलट आहे. छतातल्या त्या काचेची कुठल्या कायद्याने सक्ती केलेली नाही आणि अपघातात तिचा काही उपयोगही नाही. तरी तिच्यासाठी लोक वरचं मॉडेल घेतात आणि हजारो रुपये जास्त मोजतात. म्हणजे जे जास्त उपयोगाचं ते जास्त आवडतं, असं साधं गणित इथे चालत नाही. लोकांना कळत नाही म्हणून ते असं वागतात, हे उत्तर मला पटत नाही. या आवडीनिवडींमागे कारणं आहेत. ती समजून घेतली तर गाडी घेताना पैसा वाचतो, आणि कधी कधी जीवही.

जपानमधले गुणवत्ताशास्त्राचे प्राध्यापक नोरिआकी कानो यांनी 1984 मध्ये आवड मोजण्याची एक पद्धत मांडली. ‘ही सोय हवी का?’ असं विचारलं तर माणूस बहुतेक वेळा ‘हो’च म्हणतो. म्हणून कानो दोन प्रश्न विचारायला सांगतात: ही गोष्ट असली तर कसं वाटेल, आणि नसली तर कसं वाटेल? दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की खरी आवड दिसते. चांगले ब्रेक असले म्हणून कुणी हरखून जात नाही, पण नसले तर ती गाडी कुणी दारातही उभी करणार नाही. ही गृहीत धरलेली गोष्ट. मायलेज जेवढं जास्त तेवढं समाधान, आणि कमी झालं की कुरकुर. सनरूफ नसलं तर फारसं काही अडत नाही, असलं तर घरातली मुलं खूश होतात. हा मोहाचा गुण. काही गोष्टी असल्या-नसल्या तरी फरक पडत नाही. आणि शेवटी उलट्या गुणाच्या गोष्टी, ज्या असण्याचाच त्रास होतो.

या पद्धतीतला महत्त्वाचा भाग असा की गोष्टी आपली जागा बदलत राहतात. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली. त्या काळात एसी ही चैन होती आणि एसीची गाडी दारात असणं हा प्रतिष्ठेचा विषय होता. डाव्या बाजूचा आरसासुद्धा स्वस्त मॉडेलांत कितीतरी वर्षं मिळत नसे. आज शोरूममध्ये ‘एसी आहे ना?’ असं कुणी विचारत नाही. पॉवर स्टिअरिंग, पॉवर विंडो, रिमोटने उघडणारं कुलूप या सगळ्यांनी हाच प्रवास केला: आधी अप्रूप, मग अपेक्षा, मग गृहीत.

सध्या ऑटोमॅटिक गिअर या वाटेवर आहे. ‘ऑटोमॅटिक महाग पडते आणि पेट्रोल पिते’ हा समज आपल्याकडे पक्का होता, आणि जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकबाबत तो खोटाही नव्हता. 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली आणि चित्र बदललं. एएमटीत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं ही कामं माणसाच्या हातापायांऐवजी संगणकाच्या हुकुमाने चालणारी यंत्रणा करते. त्यामुळे किंमत थोडीच वाढते आणि मायलेज जवळपास तेवढंच राहतं. गिअर बदलताना किंचित हिसका बसतो, तो लोकांनी मान्य केला. पुण्यात सिंहगड रोडवर संध्याकाळी ज्याने डाव्या पायाने शेकडो वेळा क्लच दाबला आहे, त्याला या सोयीची किंमत सांगावी लागत नाही. या सोयीबाबत शोरूममधली आवड आणि रस्त्यावरचा अनुभव जुळतो. प्रत्येक सोयीचं असं होत नाही, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

टचस्क्रीनच्या बाबतीत हा गोंधळ सगळ्यात स्पष्ट दिसतो. शोरूममध्ये गाडी उभी असते, दिवे झगमगत असतात आणि डॅशबोर्डवरचा मोठा पडदा डोळ्यांत भरतो. गाडी नवी वाटते. कंपन्यांनाही पडदा सोयीचा, कारण एका पडद्यात तीस-चाळीस बटणं मावतात. त्यांचे साचे, वायरी, जोडणी यांचा खर्च वाचतो आणि पुढे सॉफ्टवेअरने बदलही करता येतात. 2012 च्या टेस्ला मॉडेल एसमध्ये 17 इंची पडदा आला आणि मग सगळ्यांनीच तो धडा गिरवला. पण हा प्रयोग त्याच्याही कितीतरी आधी होऊन गेला होता. ब्युइक कंपनीने 1986 च्या रिव्हिएरा गाडीत स्पर्शाने चालणारा पडदा बसवला होता. साध्या कामासाठी रस्त्यावरून नजर काढावी लागते अशा तक्रारी आल्या, आणि 1990 च्या मॉडेलमध्ये बटणं परत आली.

आजची तक्रारही तीच आहे आणि तिचं कारणही साधं आहे. गोल फिरणारं बटण बोटांना सापडतं. एसीचा नॉब कुठे आहे हे हाताला आठवड्याभरात पाठ होतं, आणि तो किती फिरवला हेही बोटांनाच कळतं. पडदा सपाट असतो. त्यावर बोट कुठे टेकलं हे डोळ्यांनीच पाहावं लागतं, आणि खाचखळग्यांच्या रस्त्यावर बोट हमखास शेजारच्या चौकोनावर पडतं. स्वीडनमधल्या ‘व्ही बिलेगारे’ या मासिकाने 2022 मध्ये याची चाचणी घेतली. ताशी 110 किलोमीटर वेगाने गाडी चालवत चार कामं करायची होती. सीट गरम करणं, तापमान वाढवणं, रेडिओवर ठरावीक केंद्र लावणं अशी ती रोजचीच कामं होती. गाडीची ओळख करून घ्यायला चालकांना आधी वेळही दिला होता. 2005 च्या जुन्या, बटणांच्या व्हॉल्वोत ही कामं 10 सेकंदांत झाली. तेवढ्या वेळात गाडी 306 मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेल्या नव्या गाडीत, एमजी मार्व्हल आरमध्ये, याच कामांना जवळजवळ 45 सेकंद लागले आणि गाडी 1372 मीटर पुढे गेली. सतरा वर्षांच्या प्रगतीनंतर त्याच कामाला चौपटीहून जास्त वेळ लागला.

रस्त्यावरून नजर दोन सेकंदांहून जास्त हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका दुप्पट होतो, असं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने 100 गाड्यांत कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासातून 2006 मध्ये दिसलं होतं. ताशी 80 च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी 44 मीटर जाते. आपल्या रस्त्यावर एवढ्या अंतरात एक म्हैस, दोन दुचाक्या आणि उलट्या बाजूने येणारा एक ट्रॅक्टर सहज मावतो.

म्हणून आता बटणं परत येत आहेत. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने 2026 पासून नियम बदलले. इंडिकेटर, हॅझार्ड दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीचं बटण हे हाताला लागणारे असतील तरच पूर्ण गुण. फोक्सवॅगनचे डिझाइनप्रमुख आन्द्रेआस मिंट यांनी 2025 मध्ये जाहीर केलं की आवाज, पंखा, दोन्ही बाजूंचं तापमान आणि हॅझार्ड दिवे यांची बटणं पुढच्या सगळ्या गाड्यांत राहतील. ह्युंदाईच्या अमेरिकेतल्या डिझाइन विभागानेही ग्राहकांशी बोलून हेच ऐकलं होतं: घाईच्या वेळी पडद्याशी झटापट करताना माणूस वैतागतो. नकाशा आणि मागचा कॅमेरा यांसाठी पडदा हवाच, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण धुक्याने काच झाकोळली असताना डिफॉगर शोधायला मेनूत शिरावं लागत असेल, तर ती रचना चुकलेली आहे असं मी स्पष्टपणे म्हणेन.

नावडीचा दुसरा मोठा झरा म्हणजे टोकणारी गाडी. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेत 1974 मध्ये घडलं. त्या वर्षीच्या नव्या गाड्यांत सरकारने अशी यंत्रणा सक्तीची केली की पुढच्या सीटवरच्यांनी पट्टा बांधल्याशिवाय इंजिनच सुरू होणार नाही. शेजारच्या सीटवर भाजीची जड पिशवी किंवा कुत्रा असला तरी गाडी अडून बसायची. लोक इतके संतापले की त्याच वर्षी ऑक्टोबरात संसदेने कायदा करून ही सक्ती रद्द केली. त्याच कायद्यात आणखी एक कलम आलं: सक्तीची सूचना आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ वाजणारी नसावी. एका अतिरेकी रचनेपायी चांगल्या, सौम्य सूचनेचाही मार्ग पुढची कित्येक वर्षं अडून राहिला. तीन बिंदूंचा सीटबेल्ट व्हॉल्वोच्या निल्स बोहलिन यांनी 1959 मध्ये दिला होता आणि त्याचं पेटंट कंपनीने सगळ्यांना खुलं केलं होतं. वस्तू उत्तम होती. लोकांचा राग ती लादण्याच्या पद्धतीवर होता.

आपल्याकडे वेगाच्या सूचनेचं काहीसं असंच झालं आहे. जुलै 2019 पासून प्रत्येक नव्या गाडीत ताशी 80 ओलांडले की अधूनमधून बीप वाजतो आणि 120 ओलांडले की सतत वाजत राहतो. आता मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाट सोडला तर गाड्यांना 100 ची परवानगी आहे, समृद्धी महामार्गावर 120 ची. म्हणजे नियमाच्या आत राहून गाडी चालवणाऱ्यालाही मुंबईपासून नागपूरपर्यंत गाडी टोकत राहते. जी सूचना चूक नसतानाही वाजते, तिच्याकडे चूक असतानाही दुर्लक्ष होतं. हेतू चांगला असला तरी हा आकडा रस्त्याप्रमाणे बदलायला हवा.

चालकाला मदत करणाऱ्या ज्या यंत्रणांना आपण एडास म्हणतो, त्यांच्यातही हाच फरक दिसतो. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने 2016 मध्ये वॉशिंग्टन परिसरात सर्व्हिसिंगला आलेल्या शेकडो गाड्या तपासल्या. समोर धडक होण्याआधी ब्रेक लावणारी यंत्रणा 93 टक्के गाड्यांत चालू होती. लेन सुटल्याची सूचना देणारी मात्र जेमतेम 51 टक्के गाड्यांत चालू होती, बाकीच्यांनी ती बंद करून टाकली होती. पहिली यंत्रणा वर्षातून एखादी वेळ बोलते आणि बोलते तेव्हा कारण असतं. दुसरी दिवसातून दहा वेळा बोलते. याच पाहणीतून असंही दिसलं की आवाज करणाऱ्या सूचनेपेक्षा हाताला किंवा सीटला थरथर देणारी सूचना लोक जास्त चालू ठेवतात. थरथर फक्त चालकाला कळते. आवाज गाडीतल्या सगळ्यांसमोर चालकाची चूक सांगतो, आणि सासुरवाडीची मंडळी मागे बसलेली असताना ते कुणालाच नको असतं.

लेन सांभाळणारी यंत्रणा कॅमेऱ्याने पांढऱ्या रेषा वाचते. आपल्याकडे निम्म्या रस्त्यांवर रेषा पुसट असतात, पावसाळ्यात दिसतच नाहीत, आणि खड्डा चुकवायला स्टिअरिंग वळवलं की गाडी ते परत ओढू पाहते. अशा रस्त्यावर चालकाने ती बंद केली तर मी त्याला दोष देणार नाही. मात्र पुढच्या वाहनाचं अंतर पाहून ब्रेक लावणारी यंत्रणा द्रुतगती मार्गावर खरोखर कामाची आहे, ती चालू ठेवावी. सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणाऱ्या यंत्रणेचीही अशीच दोन रूपं आहेत. पुण्यात डिसेंबरात ती थोडं पेट्रोल वाचवते आणि कुणाला जाणवतही नाही. मे महिन्यात नागपूरला मात्र इंजिनबरोबर एसीचा कॉम्प्रेसर थांबतो, गरम हवा येऊ लागते आणि हात ती बंद करण्याच्या बटणाकडे जातो. पुढच्या वेळी गाडी सुरू केली की ही यंत्रणा पुन्हा चालू झालेली असते, याचा राग वेगळाच.

सीटबेल्टच्या बीपबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. ‘आवडत नाही’ हे कारण तिथे पुरेसं नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये पट्टा न लावलेले 16,715 जण देशभरातल्या अपघातांत गेले, आणि त्यांत जवळपास निम्मे चालक नसून बरोबर बसलेले लोक होते. त्याच वर्षी सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता. मागच्या सीटला पट्टा कशाला, या आपल्याकडच्या जुन्या समजाला तेव्हा पहिल्यांदा मोठा धक्का बसला. एप्रिल 2025 पासून नव्या गाड्यांत मागच्या सीटलाही सूचना सक्तीची झाली आहे. ती कितीही वाजली तरी वाजू द्यावी.

सुरक्षा लोकांना नकोच असते, असं मात्र म्हणता येणार नाही. तिची अडचण अशी की ती शोरूममध्ये दिसत नाही. एअरबॅग स्टिअरिंगच्या आत घडी घालून ठेवलेली असते, पोलादाची ताकद रंगाखाली लपते. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय गाड्यांची साधी मॉडेलं आदळून पाहिली तेव्हा पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. डिसेंबर 2018 मध्ये पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला हा मान पहिल्यांदाच मिळत होता, आणि जाहिरातींतून तारे झळकू लागले. ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली. तिचं काम पुण्याची केंद्रीय मार्ग परिवहन संस्था पाहते. न दिसणारी गोष्ट ताऱ्यांतून दिसू लागली आणि लोक ती मागू लागले. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत गाडीच्या बाजारात झालेला हा सगळ्यात चांगला बदल आहे.

सनरूफचा मोह मी कुणाला चुकीचा ठरवणार नाही. ताम्हिणी घाटात पावसाळ्यात डोक्यावरून ढग सरकताना पाहण्यात आनंद आहेच. पण ही काच सोबत काय आणते हेही माहीत असावं. तिच्या चौकटीमुळे डोक्यावरची जागा थोडी कमी होते. उन्हात काच तापते आणि एसीला जास्त काम पडतं. चौकटीच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली उतरतात. झाडाखाली गाडी लावली की पानांचा कचरा त्यांत अडकतो आणि मग पाणी छताच्या अस्तरातून आत झिरपतं. दर पावसाळ्याआधी त्या नळ्या साफ करून घ्याव्यात. आणि मुलांना सनरूफमधून बाहेर उभं करू नये. सप्टेंबर 2025 मध्ये बंगळुरूत असा उभा असलेला सहा वर्षांचा मुलगा उंच वाहनं रोखणाऱ्या आडव्या कमानीवर डोकं आपटून जखमी झाला. जोराचा ब्रेक लागला तरी असं मूल बाहेर फेकलं जाऊ शकतं.

ज्यांची कुणी जाहिरात करत नाही अशा काही सोयी मला याहून मोलाच्या वाटतात. मागचा वायपर घ्या. हॅचबॅक आणि एसयूव्हीची पाठ उभी असते. गाडी पुढे जाताना तिच्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेला चिखल त्या पोकळीत ओढला जाऊन थेट मागच्या काचेवर बसतो. डिकी लांब असलेल्या सेडानला हा त्रास फार कमी. कोकणात जुलैत गाडी चालवणाऱ्याला मागचा वायपर आणि डिफॉगर नसेल तर अर्ध्या तासात मागचं दिसेनासं होतं, आणि नेमक्या याच दोन गोष्टी कित्येक गाड्यांत खालच्या मॉडेलांत देत नाहीत.

किंवा आतल्या आरशाखालची ती छोटी कळ पाहा. हा आरसा पाचरीच्या आकाराचा असतो. कळ ओढली की मागच्या मुलाम्यावरून येणारं लख्ख प्रतिबिंब छताकडे जातं आणि काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून परतणारा चारेक टक्के प्रकाशच डोळ्यांपर्यंत पोचतो. मागच्या ट्रकने अपर लावलेला असला तरी डोळे दिपत नाहीत. यात मोटर नाही, सेन्सर नाही, बिघडण्यासारखं काही नाही. ही कळ कशासाठी आहे हे मात्र अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

स्टेपनीचीही अशीच उपेक्षा होते आहे. 2020 मध्ये नियम बदलले आणि टायरचा दाब सांगणारी यंत्रणा, ट्यूबलेस टायर व पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर जादा चाक न देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. खिळ्याचं भोक त्या संचाने बुजतं. खड्ड्याच्या कडेने टायर बाजूने फाटला तर तो संच काही कामाचा नाही, आणि आपल्याकडे असं फाटणं नवलाचं नाही. याउलट चांगलं उदाहरणही आहे: सीएनजी गाडीत मोठी टाकी सगळी डिकी खाते, म्हणून टाटाने 2023 मध्ये अल्ट्रोझला साठ लिटरच्या एका टाकीऐवजी तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या तळाशी बसवल्या आणि सामानाला जागा मोकळी केली. रोजच्या अडचणीकडे पाहून केलेली अशी रचना गाडी जुनी झाली तरी आवडत राहते.

आवडीचा शेवटचा घोळ कंपन्यांच्या मॉडेल-रचनेत आहे. आपल्याकडे सोयी सुट्या मिळत नाहीत, गठ्ठ्याने मिळतात. मागचा वायपर हवा असेल तर कधी सनरूफही घ्यावं लागतं. मग विक्रीचे आकडे पाहून कंपनी समजते की लोकांना सनरूफच हवं होतं. हा गैरसमज ग्राहकांनीच बोलून दूर करायला हवा.

तेव्हा गाडी पाहायला जाल तर शोरूमभोवती एक चक्कर मारून परत येऊ नका. संध्याकाळी अंधार पडल्यावर टेस्ट ड्राइव्ह मागा. गाडी चालवताना नजर न हटवता एसी कमी होतो का, काच साफ होते का, पाहा. पडद्याचा उजेड डोळ्यांत येतो का, टोकणारी सूचना कोणती, ती कशी बदलते, हे विचारा. घरच्यांना मागे बसवा आणि मधल्या सीटचा पट्टा नीट लागतो का तपासा. तुम्ही घेणार असलेल्या मॉडेलला किती तारे आहेत हे विचारा, आणि नसतील तर का नाहीत तेही विचारा. जे हवं होतं पण मिळालं नाही, ते डीलरला आणि कंपनीला ईमेलने लिहून कळवा.